बॅटरी शेठजींकडे, हँडल आमच्याकडे

युद्ध संपल्यानंतर वडिलांनी रनाळ्यातले गावालगतचे शेत विकले आणि एका दुकानदार शेठजींच्या भागीदारीत जुना डिझेल ट्रक घेतला. काम कपाशी जिनिंगला पोचवण्याचे. घरात त्या ट्रकखेरीज दुसरे उत्पन्न उरले नव्हते.

हिवाळा लागला आणि इंजिन सकाळी चालू होईना. ड्रायव्हरने रीत बसवली. इंजिनाखाली घमेल्यात निखारे ठेवायचे, रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतायचे, पुढून लोखंडी हँडल घालून, ते फिरवून इंजिन सैल करायचे आणि मग स्टार्टर दाबायचा. गारठ्याने बॅटरी उतरते, म्हणून ती संध्याकाळी काढून घरात ठेवायची, असेही त्याने सांगितले. शेठजींनी ती त्याच दिवशी घरी नेली, चुलीजवळ गोधडीत गुंडाळून ठेवली.

वडिलांना हे पटले नाही. "शेठ, बॅटरी तुम्हना घरच काबर?"

"थंडी लागस तिले, पाटील."

"मन्हा घर चूल नही का?"

शेठजी नुसते हसले. बॅटरी ज्याच्या घरी, ट्रक त्याचा, असे वडिलांनी धरले. त्या संध्याकाळपासून ते हँडल घरी आणू लागले. ते उशाशी असे.

त्यानंतर दोघेही सकाळी मुद्दाम रेंगाळत. आपण आधी गेलो तर आपला जिन्नस दुसऱ्याच्या हाती जाईल, ही दोघांची भीती. एका सकाळी मी वडिलांबरोबर वेशीपाशी, ट्रक उभा असे तिथे गेलो, तर ट्रक जागेवर नव्हता. घमेल्यातले निखारे राखेखाली धुमसत होते. वडील तडक शेठजींच्या घराकडे निघाले. वाटेतच शेठजी भेटले. गोधडीतली बॅटरी त्यांच्या छातीशी होती. त्यांनी आधी वडिलांच्या हातातल्या हँडलकडे पाहिले.

ट्रक दुपारी रिकामा होऊन परतला. कपाशी घेऊन आलेल्या गाडीवानांचे बैल जुंपून, मोटेच्या जाड दोराने, नाड्याने ओढून ड्रायव्हरने तो चालू केला होता.

"कोनले इचारीसन?" वडिलांनी विचारले.

"दोन्हीसनी वाट दखता दखता ऊन चढनं. जिनवाला दुसरी गाडी लावणार व्हता."

काम वाचले होते. बॅटरी आणि हँडल दोन्हींवाचून ट्रक जाऊ शकतो, हे मात्र दोघांना कळले होते. नाडा ताब्यात घ्यायचा, यावर त्यांचे लगेच एकमत झाले. तो कोणाच्या घरी राहील, यावर झाले नाही. शेवटी शेठजींनी दुकानातून कोयता आणला आणि नाडा मधोमध तोडला.

"आते बैल बी अर्धा अर्धा करी ल्या," ड्रायव्हर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो निखारे घेऊन आला, तेव्हा दोघेही त्याच्या आधी येऊन ट्रकच्या दोन बाजूंना उभे होते. बॅटरी एकाकडे, हँडल दुसऱ्याकडे. इंजिन गरम होईपर्यंत दोघांनीही आपापली वस्तू खाली ठेवली नाही.