तीन हाका

कोर्टात त्यांना सगळे भोंगामामा म्हणत आणि त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटत नसे. सत्तावीस वर्षं फौजदारी कोर्टाच्या दारात उभं राहून त्यांनी पुकारा केला होता. आरोपीचं, साक्षीदाराचं नाव खणखणीत आवाजात तीनदा हाकारायचं, एवढंच काम. घरी जेवताना बायको म्हणायची, "अहो, हळू. मीठ मागताय, आरोपी नाही."

पुकाऱ्याची एक रीत होती. पहिली हाक दारात, दुसरी जिन्यापाशी, तिसरी व्हरांड्याच्या पार टोकाला. मध्ये माणसाला उठून यायला वेळ द्यायचा. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, मामांच्या आधीच्या म्हाताऱ्या शिपायानं त्यांना चालून दाखवलं होतं. मामांनी पहिली काही वर्षं ते पाळलं. मग गुडघे बोलायला लागले आणि आवाज काय, दारातूनही टोकाला पोचत होताच.

जबरी चोरीचे खटले निकालापर्यंत जातात, असं बाहेरच्यांना वाटतं. दहातले सात-आठ व्हरांड्यातच मिटतात. सरकारी वकील आरोपातला सुरा सोडून देतात, आरोपी साधी चोरी कबूल करतो, सात वर्षांची अडीच होतात, जज्जसाहेबांच्या टेबलावरची एक फाईल कमी होते. सगळे मोकळे होऊन घरी जातात, एक सोडून.

अशाच एका खटल्यातला आरोपी, एक इस्त्रीवाला, मात्र कबूल करेना. केलंच नाही तर कबूल काय करू, हा त्याचा हेका. त्याची सगळी मदार एका बाईवर होती. ती लाँड्रीची मालकीण. चोरी झाली त्या वेळी तो तिच्यासमोर दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करत होता, असं ती सांगणार होती. मशीनच्या खडखडाटात जन्म गेल्यानं तिला कमी ऐकू यायचं. सकाळीच तिनं मामांना सांगितलं, भाऊ, जरा जवळ येऊन हाक मारा. मग दर दहा मिनिटांनी विचारायला यायची, आलं का माझं नाव? चौथ्यांदा आली तेव्हा मामा वैतागले आणि हाक येईपर्यंत उठू नका असं बजावून त्यांनीच तिला टोकाच्या खिडकीजवळच्या बाकावर नेऊन बसवलं.

पावणेदोनला तिचं नाव आलं. मामांच्या पोटात कावळे ओरडत होते, साहेब सारखे घड्याळाकडे बघत होते. मामांनी उंबऱ्यावरूनच तिन्ही हाका एका दमात उरकल्या आणि आत वळून म्हणाले, "साक्षीदार हजर नाही."

बाहेर जाऊन बघायची गरज कुणालाच वाटली नाही. भोंगामामांनी पुकारलं आणि माणूस आला नाही, म्हणजे तो इमारतीत नाहीच, असा त्यांचा लौकिक. आरोपीच्या वकिलाचे त्या दिवशी आणखी चार खटले होते. तो इस्त्रीवाल्याच्या कानाशी लागला. बाई येणार म्हणाली होती, असं इस्त्रीवाला दोनदा पुटपुटला आणि त्यानं मामांकडे पाहिलं. मामांनी पंख्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. पाच मिनिटांत सुरा सुटला, चोरी कबूल झाली, अडीच वर्षं लागली.

चारच्या सुमाराला बाई टोकाहून चालत आली. माझं नाव? मामा म्हणाले, तारीख पडली, पुढच्या महिन्याची अठरा. तोंडाला आली ती तारीख त्यांनी ठोकून दिली.

त्यानंतर मामांचा आवाज बसला. घसा ठणठणीत होता, तरी बायकोनं हळद-दूध करून दिलं. मामा मनाशी म्हणायचे, त्यानं केलीही असेल चोरी, आपल्याला काय ठाऊक? मन हा फार तयार वकील, फीसुद्धा मागत नाही. पण वकिली संपली की इस्त्रीवाल्याची ती नजर समोर यायची. खरं सांगावं तर आठ महिन्यांवर आलेली पेन्शन जायची. न सांगावं तर तो आत.

अठरा तारखेला बाई आली. लाँड्री बंद ठेवून, ठेवणीतले कपडे घालून. इस्त्रीवाला आधीपासूनच कोठडीत, त्याचं दुसरं कुणी नाही, त्यामुळे निकाल लागल्याचं तिला कळवणार कोण? या खेपेला ती टोकाला गेली नाही. दाराला लागूनच, मामांच्या स्टुलाशेजारी बसली.

"त्या दिवशी तुम्ही हाक मारली असणार, भाऊ," ती म्हणाली. "मलाच ऐकू आलं नसेल. माझ्यापायी बिचाऱ्याची तारीख वाढली. म्हणून आज इथंच बसते."

मामा स्टुलावरून उठले. मग आत गेले आणि थेट साक्षीदाराच्या कठड्यात जाऊन उभे राहिले. आत चाललेला खटला थांबला. चुकून शिरले असतील असं वाटून कारकून हसला.

"साहेब," मामा म्हणाले, "माझी साक्ष घ्या. त्या दिवशी बाई हजर होती. मी तिला नीट हाक मारली नाही."

साहेबांनी कुठला खटला ते विचारलं. मामांनी नंबर सांगितला, महिनाभर तो त्यांच्या डोक्यात घुमत होता. साहेबांनी चष्मा काढून ठेवला. दोन्ही वकिलांना बोलावणं धाडलं, कारकुनाला कागद घ्यायला सांगितलं आणि साक्षीच्या रीतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला: नाव?

मामांनी स्वतःचं नाव सांगितलं. कारकुनानं मान वर केली. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"जरा मोठ्यानं," साहेब म्हणाले.