इनास सुताराचं तट्टू

माझ्या भावाला, इनास सुताराला, कोपरीपासून कोलशेतपर्यंत सगळे ओळखायचे ते त्याच्या कामामुळे, असं मी म्हणेन. लोक म्हणतात लंगडण्यामुळे. म्हणोत बापडे! ज्यांच्या घरचं दार वीस-वीस वर्षं न कुरकुरता उघडतंय, त्यांनी तरी तसं म्हणू नये.

तो काही जन्माचा लंगडा नव्हता. एका घराचं आढं चढवताना वरून पडला, मांडीचं हाड मोडलं. हाडं बसवणाऱ्याने ते बसवलं, पण पाय दोन बोटं आखूड राहिला. हात होते तसे होते. पण सुतार काम हातांनी करतो, कामावर जातो तो पायांनीच ना? मणभर हत्यारांची पेटी खांद्यावर घेऊन माझा दादूस पूर्वी गावोगाव फिरायचा. आता पेटी घेतली की वेशीपर्यंत जाईतो घामाघूम व्हायचा आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहायचा. घरात आम्ही दोघंच. त्याची बायको जॉर्जिना पटकीत गेली, माझा नवरा तिच्याही आधी. दादूसचं काम बंद म्हणजे आमची चूल बंद, एवढा साधा हिशोब होता.

अशात बाळकुमच्या पोपट पाटलाने नवं घर बांधायला काढलं. दारं, खिडक्या, माडीचा जिना, वर्षभराचं काम. पाटलाने दादूसला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "इनास, काम तुझंच. पण दिवाळीनंतर रोज सकाळी तू मला इथे दिसला पाहिजेस. एक दिवस येणार, दोन दिवस पाय धरून बसणार, असं असेल तर आत्ताच बोल. मी भिवंडीचा सुतार लावतो."

दादूस "येतो" म्हणून आला आणि घरी येऊन आढ्याकडे बघत बसला. कोपरी ते बाळकुम दीड कोस. पेटी घेऊन जायचं तर दोन ओहोळ आणि चढ. आणि हे काम गेलं तर पुढे काय? मिठागरात मजुरी. त्या पायाने मिठागरात त्याला उभं कोण करणार होतं?

मी म्हटलं, "दादूस, तट्टू घेऊ या."

"आपण काय मामलेदार लागून गेलो, बाय?"

"मामलेदार नाहीस म्हणूनच वापरलेलं, स्वस्तातलं घेऊ. माझ्या पाटल्या आहेत, त्या मोडते."

तो नको नको म्हणत राहिला. मी कुणाचं ऐकते थोडीच?

तेव्हा रेल्वे घाट चढून गेल्याला दहा-बारा वर्षं झालेली. पूर्वी घाटावरचा माल तट्टांच्या पाठीवरून कल्याणला उतरायचा. आता तो आगगाडीतून यायला लागला आणि तट्टवाले एकेक करून जनावरं विकत होते. चांगली कामाची जनावरं, घाट चढलेली. म्हणून आम्ही कल्याणचा बाजार धरला. जाताना आगगाडीने आणि येताना तट्टाबरोबर पायी, असं ठरलं.

जनावराची पारख मला होती, दादूसला नाही. आमच्या बापाची बैलगाडी होती, आणि मुलगा लाकडात रमायचा म्हणून बापाने सगळं मला शिकवलं. दात, खूर, धाप, आणि हो, भोवरेसुद्धा. अंगावरच्या केसांचे भोवरे. कुठला कुठे असला म्हणजे चांगला, कुठला वाईट. पण त्याच पंधरवड्यात मी पापनिवेदनाला गेलेले, तेव्हा पाद्रीबाबांनी मला चांगलंच झापलं होतं. म्हणे, मांजर आडवं गेलं की थांबतेस, दाराला लिंबू-मिरच्या बांधतेस, ख्रिस्ताव आहेस की कोण आहेस? यापुढे असलं काही बघणार नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं. मीही कबूल केलं. आणि एकदा कबूल केलं म्हणजे केलं, असा माझा हट्टी स्वभाव. तोच नडला मेला.

बाजारात दौलत नावाचा जुन्नरकडचा तट्टवाला भेटला. त्याच्याकडे एक लालसर तट्टू होतं. तोंडाला लोकरीचे लाल गोंडे, गळ्यात घुंगरू. दौलत म्हणाला, "बाई, नऊ वर्सांचं हाय. लबाडी नाय."

मी तोंड उघडून दात बघितले. नऊच होतं. चारी पाय उचलून खूर ठोकले. खोगीर काढायला लावून पाठीवर हात फिरवला, घट्टे होते पण जखम नव्हती. दोन पोती लादून चढावर पळवलं, परत आल्यावर बरगडीला कान लावला, तर श्वास एकसारखा. तेवढ्यात स्टेशनात इंजिनाची शिट्टी झाली. बाजारातली निम्मी जनावरं उधळली, ओरडाआरडा झाला. हे कान हलवून गवत खात राहिलं. दादूसने माझा हात दाबला. त्याला ते आवडलं होतं.

"आणि गोंड्याखालचं तोंड बघायचं नाय का?" असं दौलतने विचारलं असतं तर मी बघितलं असतं. त्याने विचारलं नाही, आणि मी मुद्दाम बघितलं नाही. पाद्रीबाबांना शब्द दिला होता ना! दुसरे तीस-तीस मागत होते, हा अठरा रुपयांना द्यायला तयार झाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. उलट मी त्यातूनही एक रुपया कमी करून घेतला आणि वर ऐट मारली.

दादूस तट्टावर बसला. मी बाजूने चालत होते. डोंबिवली मागे पडली. मुंब्र्याच्या उतारावर तट्टू इतकं जपून पाय टाकत उतरलं की दादूस मोठ्याने हसला. पडल्यापासून दोन वर्षांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. "ह्याचं नाव जुजे," म्हणाला. संत जुजे म्हणजे सुतारांचा संत.

कळव्याला खाडी ओलांडायला तरीची वाट बघत थांबलो. दादूस सावलीत आडवा झाला. मी तट्टाचं तोंड धुवायला म्हणून गोंडे सोडले. आणि डाव्या डोळ्याच्या खाली, बरोब्बर खाली, भोवरा! डोळ्यातून पाणी ओघळावं तसे केस खाली वळलेले. आसूढाळ. बाप म्हणायचा, असलं जनावर ज्याच्या दारात उभं राहील त्या घरात रडणं येतं. मारिया माये, हे मी काय करून बसले?

पहिली भीती दादूसच्या जिवाची वाटली. दुसरी लगेच तिच्यामागून आली. आम्ही ख्रिस्ताव, आम्ही मानू नाहीतर न मानू. पण आमची गिऱ्हाइकं? पोपट पाटील नव्या घराच्या अंगणात आसूढाळ तट्टू उभं करू देईल? त्याने बघितलं त्या क्षणी काम गेलं! पाद्रीबाबांना काय, त्यांना थोडीच कुणाच्या दारात जाऊन चौकटी बसवायच्या होत्या! मागे फिरावं तर दौलत एव्हाना वाटेला लागला असणार. मी दादूसकडे बघितलं. तो झोपेतसुद्धा हसऱ्या तोंडाने पडलेला. मी गोंडे परत बांधले आणि गप्प बसले.

घरी गेल्यावर डाव्या बाजूचा गोंडा मी म्होरकीला दोऱ्याने पक्का शिवून टाकला. दादूसने विचारलं तर म्हटलं, "माशा बसतात डोळ्यावर."

दिवाळीनंतर काम सुरू झालं. आणि खरं सांगते, तट्टू सोन्यासारखं निघालं. बांधायला नको, हाकायला नको. दादूस कामात असला की तासन् तास एका जागी उभं. दादूस वेळेवर पोचायचा, पाटील खूश. इकडे मी मात्र रोज मरत होते. सकाळी तो निघाला की शिवण बघायची. संध्याकाळी घुंगरू ऐकू येईपर्यंत दारात उभं राहायचं. आज उशीर का झाला? कुणी बघितलं का? वारा सुटला तरी मला वाटायचं, गोंडा उडाला असेल. जेवण जाईना. दादूस म्हणायचा, "बाय, तू वाळत चाललीस." मी म्हणायची, "तू आपलं तुझं बघ."

त्यात एक दिवस तो सांगत आला, "पाटलाची सून आहे ना, कलावती, तिला आपल्या जुजेचा भारी लळा. रोज भाकरी आणते त्याला. सातवा लागलाय तिला, पण येतेच."

पोटुशी बाई, आणि रोज त्या भोवऱ्यासमोर उभी! मला वाटायचं, हे सगळं खोटं आहे, पाद्रीबाबा म्हणतात तेच खरं. आणि दुसऱ्याच घडीला वाटायचं, त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर? ते माझ्या डोक्यावर. मी कुणाला तोंड दाखवू?

माघात पाटलाच्या पुढच्या दाराची चौकट बसवायचा मुहूर्त धरला होता. मी पण येते म्हटलं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात रांगोळी होती, हळद-कुंकू तयार होतं, गावचे चार लोक आले होते. दादूसने पेटी अजून उतरवलीही नव्हती. तेवढ्यात कलावती जपून पावलं टाकत आली. "जुजे, ये रे," म्हणाली, आणि त्याचं तोंड आपल्या पोटाशी धरून गोंड्यावर गाल टेकवला.

मला नाही सहन झालं. मी पुढे झाले आणि तिला धरून मागे ओढलं. "पोरी, नको! पाटील, हे तट्टू आसूढाळ आहे. मला ठाऊक होतं. मीच लपवलं."

पाटील आला, त्याने गोंडा वर करायचा प्रयत्न केला, तर शिवण. कोयत्याच्या टोकाने दोरा तोडला आणि बघितलं. मग दादूसला विचारलं, "सुतार, तुला ठाऊक होतं?"

दादूसने माझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणाला, "तट्टू माझं आहे, पाटील. चूक माझी."

"जनावर आधी शिवेबाहेर काढ," पाटील म्हणाला. "मुहूर्ताला घटकाभर आहे. त्याच्याशिवाय येणार असशील तर ये. नाहीतर भिवंडीला माणूस पाठवतो."

पाटील तसा वाईट नव्हता. पण त्या जनावराच्या पाठीवरच्या पेटीला हात लावायला कुणी गडी पुढे आला नाही, आणि पाटलाने कुणाला सांगितलंही नाही.

शिवेवरच्या ओहोळापलीकडे चिंचेखाली तट्टू बांधलं. दादूस माझ्याकडे वळला. "साडेतीन महिने, बाय! साडेतीन महिने मनात ठेवलंस, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?" त्याने पेटी खांद्यावर घेतली. चार पावलं, पाच पावलं, आणि पाय मुडपून तो ओहोळाच्या काठावर बसला. उठायला गेला, परत बसला. तिकडे वेळ चालला होता.

मी लुगड्याच्या पदराची चुंबळ केली आणि पेटी डोक्यावर घेतली.

"उतरव ती," दादूस ओरडला. "माझी बहीण भर गावातून पेटी वाहणार? त्यापेक्षा मी मिठागरात जातो."

"मिठागरात तुला कोण घेतंय? ऊठ. चल माझ्यामागून."

मान मोडायची बाकी होती. गावातले लोक ओट्यांवर येऊन बघत होते, बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बघू देत, म्हटलं. मुहूर्त टळायच्या आत अंगणात पेटी ठेवली. दादूसने चौकट अशी बसवली की पाटलाने ओळंबा लावून बघितला आणि मुकाट्याने नारळ फोडला.

काम वर्षभर चाललं. कलावतीला मुलगी झाली, दोघी धडधाकट. मी वेळेवर बोलले म्हणून, की मुळात काही होणारच नव्हतं म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. बातमी मात्र सगळीकडे पोचली. कुठल्याही गावात तट्टू शिवेपर्यंतच. तिथून पुढे मी. सव्वा कोस जुजेने न्यायचं आणि शेवटचा पाव कोस मी, अशी आमची वाटणी झाली. दादूसने मला कधी शाबास म्हटलं नाही की परत रागावलाही नाही. पण दुसऱ्याच दिवशी पेटी मला हलकी लागली. बघते तर दादूस पुढे लंगडत चाललेला, मोठा रंधा काखेत, करवत खांद्यावर, हातोडा कमरेला. त्यानंतर रोज तसंच.

नऊ वर्षं आम्ही अशी कामं केली. दहाव्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका सकाळी मी पेटी उचलली तर ती जड लागली. रंधा आत होता. दादूसच्या काखेत काही नव्हतं. चार पावलं टाकली की तो दम खायला थांबत होता. पंधरा दिवसांनी करवत आत आली. नाताळच्या सुमारास हातोडाही आला. त्या दिवशी मी रस्ताभर रडत गेले, आणि दोन्ही हातांनी पेटी धरलेली म्हणून डोळेसुद्धा पुसता येईनात.