मंगलच्या पाटीवरचा बल्ब

मंगल गेली त्या दिवशी लिफ्ट बंद होती. हे आधी सांगून टाकतो, कारण डोक्यातून तेच जात नाही. दुपारी तिच्याच फोनवरून फोन आला. मी उचलल्या उचलल्या ओरडलो, "अगं कुठंयस? भाकऱ्या गार झाल्या." तर पलीकडे परका माणूस. "काका, या बाईंचे तुम्ही कोण? घाटकोपरला चक्कर येऊन पडल्यात. लवकर या." लवकर... मी सातव्या मजल्यावर. जन्मभर कंपनीत माल चढवला-उतरवला, त्यात गुडघे गेले. कठडा धरून, मध्येच पायरीवर बसत, कसाबसा उतरलो. खाली वॉचमन उभा होता. मला बघून त्यानं टोपी काढली. दवाखान्यातून आमच्या लेकीला, उज्ज्वलाला, आधीच कळलं होतं, आणि तिनं त्याला फोनवर सांगितलं होतं, मम्मी गेली, पप्पांना सांभाळा. म्हणजे माझी बायको गेली हे वॉचमनला आधी कळलं, मी जिन्यात असताना.

कांजूरमार्गला चाळ पाडून ही बिल्डिंग झाली, तेव्हा आम्हाला ही एक खोली मिळाली. खोलीत एक पलंग, भिंतीवर बाबासाहेब, आणि उरलेल्या जागेत लोकांचे जुने कॉम्प्युटर. मंगल अंधेरीच्या एका कारखान्यात सोल्डरिंगला, म्हणजे तारा डागून जोडायच्या कामाला होती. कारखाना बंद पडला, पण हिचा हात काही बंद पडला नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं मशीन आता कुणी दुकानदार हातात घेत नाही. ते फिरत फिरत हिच्याकडं यायचं. मी म्हणायचो, "ही डबडी फेकायला सांग त्यांना. खिडकी उघडायला पण जागा राहिली नाही." ती मान खालीच ठेवून म्हणायची, "फेकता आली असती तर माझ्याकडं आणली असती का? अडकलेत हो ते लोक. कुणाचा जुना हिशेब त्यातच चालतो, कुणाचं कारखान्याचं मशीन त्याच्याशिवाय हलत नाही."

तिची एक रीत होती. आलेलं मशीन लगेच चालू करायचं नाही. आधी झाकण काढून वास घ्यायचा, कुत्र्यासारखा. जुन्या मशीनमध्ये आतल्या हिरव्या सर्किटवर एक छोटी बॅटरी असते, ती फुटून गळते आणि आजूबाजूच्या तारा खाते. ती बॅटरी पहिली कापायची, हिरवट बुरशीसारखं जे साठलेलं असेल ते व्हिनेगरनं पुसायचं, मग स्पिरिट, मग सुकवायचं. आणि मग पाटी. लाकडाची पाटी, तिच्यावर एक साधा तारेचा बल्ब, एक बटण, एक प्लग. वीज आधी बल्बमधून जाते आणि मग मशीनमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मशीन वाचतं. मशीन धड असेल तर बल्ब एकदा चमकून मंद होतो.

बटण दाबायचं काम माझं. चौथी शिकलेल्या माणसाला तेवढंच जमणार. पहिल्यांदा दाबलं तर बल्ब पेटलाच नाही. मी म्हटलं, "गेला तुझा बल्ब." ती हसून हसून लाल झाली. "अहो, पुढं काही जोडलंय का? पुढं कुणी नसेल तर तो पेटेल कसा?" नंतर शेजारणींना पण सांगत सुटली, आमचे हे म्हणजे झकास इंजिनीअर.

ती गेली तेव्हा टेबलावर जिगरभाईचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. जिगरभाईचा घाटकोपरला पुठ्ठ्याची खोकी कापायचा कारखाना आहे, आणि त्याचं कापायचं मशीन त्या एका कॉम्प्युटरवर चालतं. सकाळी घाटकोपरला बाजाराला जाताना मंगल म्हणाली होती, "सगळं झालंय. सुकू दे. आल्यावर पाटीवर लावू." हेच तिचं शेवटचं बोलणं. लेक बोरिवलीहून आली ती राहिलीच. घर झाडलं, पुसलं, आणि म्हणाली, "पप्पा, माझ्याकडं चला. लिफ्टचं हे असं, तुम्ही इथं कोंडून पडाल. मशीनवाल्यांना कळवते, ज्याचं त्यानं न्यावं, उरलेलं भंगारवाल्याला." मी म्हटलं, आधी जिगरभाईचं होऊ दे. तिनं अर्धं सोडलेलं मी भंगारात घालणार नाही.

पाटीवर लावलं. बटण दाबलं. बल्ब दोन-तीनदा डोळा मारल्यासारखा लुकलुकला आणि विझला. मशीन ढिम्म. दुसरं जोडलं, तेच. मंगलनं स्वतः दुरुस्त करून, चालवून बघितलेलं जोडलं, तरी तेच. वाटलं, बाई जाताना सगळ्यांना घेऊन गेली. दार बंद करून बसलो. जिगरभाई आला तेव्हा सरळ सांगितलं, "मेलं ते. घेऊन जा." तो पलंगावर बसला. "काका, असा नका बोलू. माझी पूर्ण वाट लागेल. कारागीर बसून आहेत. मावशी बोलली होती, होणार." मी त्याच्याकडं बघू शकलो नाही, म्हणून पाटीकडं बघत राहिलो. आणि मग दिसलं... बल्ब पांढरा होता. प्लॅस्टिकचा.

"उज्ज्वला, हा बल्ब कुणी लावला?"

"मीच. जुना काळा पडलेला. हा एलईडी आहे पप्पा, बिल कमी येतं."

"अगं बये! ह्यातून मशीनला वीज पोचत नाही. तारेचाच लागतो. तुझी आई कंठशोष करून सांगायची. फेकलास तो?"

ती उठली. मग कपाट उघडलं. मम्मीचा म्हणून तिनं तो मंगलच्या निळ्या साडीत गुंडाळून ठेवला होता.

लावला. मी बटण दाबलं. बल्ब चमकला... आणि मंद झाला. मग मशीन सरळ भिंतीच्या प्लगला लावलं, बाजूचं लाल बटण खट्कन वर केलं. पंखा घरघरला, टूं झालं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. जिगरभाईनं मंगलच्या फोटोला हात जोडले. "मावशी वरून चालवते, काका." मी म्हटलं, "गप रे. तिनं इथंच बसून केलंय ते, ह्या टेबलावर." 

बाकीचे लोकही आपापली मशीनं घेऊन गेले. टेबल रिकामं झालं, खिडकी उघडते. लिफ्टपण सुरू झाली आहे. लेक रोज विचारते, "निघायचं ना पप्पा?" मी म्हणतो, उद्या. लिफ्टपर्यंत जातो, दार उघडतं, आणि मी परत फिरतो. खाली जाऊन कुणाकडं जायचं?

पाटी तेवढी ठेवली आहे. संध्याकाळी तिच्यासमोर बसतो आणि एकदा बटण दाबतो. बल्ब पेटत नाही. लेकीला वाटतं तो गेला, बदलू या म्हणते. गेलेला नाही तो. वीज आहे, तार शाबूत आहे. पुढं कुणी जोडलेलं नाही, एवढंच.