दोन थापा

पुढचं चाक फटीत घातलं... उजवीकडे ट्रक, डावीकडे कंपाउंडची भिंत. मधे एका सायकलीपुरती जागा, तीही हँडल किंचित तिरकं केलं तरच.

साकीनाक्याची सकाळ. पुढे एक बस बंद पडली होती, तिच्यामागे हा ट्रक, त्याच्यामागे टेम्पो, रिक्षा... सगळं उभं. फक्त आम्ही सायकलवाले सरकत होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. घाटकोपरहून अंधेरीकडे सायकलने कामाला जाणारे तेव्हा पुष्कळ होते. असल्फ्याला माझी खोली, मरोळला छापखाना. मी प्रुफं वाचायचो. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं... संध्याकाळी आठवून पाहिलं तर आपण स्वतः काय बोललो ते सापडायचं नाही.

उभ्या गाड्यांमधून जायची एक रीत होती. कोणी शिकवली नव्हती, बघून बघून आली. एकामागे एक जायचं. पुढच्यावर घंटी वाजवायची नाही, तोही अडकलेलाच असतो. बसच्या दारापाशी थांबायचं, कारण उभ्या बसमधून माणसं न बघता उतरतात. आणि कोणाच्या गाडीला टेकायचं नाही.

मी टेकलो. ट्रकच्या केबिनपाशी पोचलो आणि पुढची सायकल थांबली. तोल सावरायला दाराच्या पत्र्यावर हात ठेवला. तेवढ्यात इंजिन गुरगुरलं.

भिंत तिथे संपत होती आणि एक गल्ली आत जात होती. ट्रकला त्या गल्लीत शिरायचं होतं, हे मला माहीत नव्हतं. ड्रायव्हर पलीकडे, उंचावर... दाराखालचा मी त्याला दिसणं शक्य नव्हतं. मी इथे आहे एवढं कळावं म्हणून पत्र्यावर दोन थापा मारल्या.

ट्रक डावीकडे वळला. माझ्या अंगावर.

ट्रकचं चाक माझ्या चाकावर आलं. तारा तुटल्याचा आवाज झाला. गुडघा भिंतीवर आपटला. मागून कोणीतरी कॅरिअर धरून मला सायकलीसकट खेचलं आणि हात लांब करून पत्र्यावर एक थाप मारली... एकच. ट्रक जागच्या जागी थांबला.

ड्रायव्हर उतरून आला. घाबरला होता, म्हणून ओरडत होता. "तूने ही तो ठोका! दो बार! मेरे को लगा अपना क्लीनर है."

क्लीनर बस का हलत नाही ते पाहायला पुढे गेला होता. तो पळत आला, वाकडं चाक पाहिलं, मला धड उभा पाहिला आणि हसला. "क्या भाऊ, मेरी नौकरी खाएगा क्या?"

खेचणारा माणूस पन्नाशीचा असेल. पँटला क्लिपा, हँडलला डबा. त्याने आता माझा खांदा धरून ठेवला होता. "एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे येऊ दे," तो म्हणाला. "तूच बोलावलंस रे त्याला!"

मग त्याने विचारलं, "खंयचो रे तू?" रागातून तो त्याच्या मालवणीत शिरला होता. मी वाईजवळचं गाव सांगितलं. गावी परक्याला हे पहिल्यांदा विचारतात... मुंबईत मला वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं.

"घराक कोण आसा?"

"इथे कोणी नाही."

"शेजारी?"

"ओळख नाही."

"मगे आज काय झाला असता तर आमी सांगूचा कोणाक?"

बस सुरू झाली, मागून हॉर्न वाजू लागले. त्याने पेडल मारलं आणि गेला. नाव विचारायचं राहिलं.

पुढचं चाक उचलून धरत, सायकल ढकलत छापखान्यात गेलो. उशीर झाला होता, कोणी काही बोललं नाही. गुडघा कोणाला दिसला नाही... फुलपँट होती. जेवायच्या सुट्टीत सांगावं असं वाटलं, पण सुरुवात कुठून करायची ते कळेना.

संध्याकाळी खोलीत दिवा न लावता बसलो. बाहेर गॅलरीतून लोक जात होते. शेजारच्या बाईंचा आवाज मला ओळखता यायचा, चेहरा नाही. छापखान्यात माझ्या गावचा पत्ता कोणी मागितला नव्हता, मीही दिला नव्हता. आईला पोस्टमन येईपर्यंत काही कळलं नसतं... आणि पोस्टमनकडे तरी कोणी काय दिलं असतं?

भीती ट्रकची राहिली नव्हती. ह्या प्रश्नाची होती.

तुमच्यापैकी जे अजून सायकल चालवतात, त्यांच्यासाठी एवढंच. मोठ्या गाडीच्या डावीकडे घुसू नका, मागे थांबा. आपल्याला ती दिसते म्हणून तिला आपण दिसतोच असं नाही. आणि पत्र्याला हात लावू नका... त्या भाषेत आपण काय म्हणतोय ते आपल्याला माहीत नसतं.

त्या माणसाला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्याचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचं दार उघडं होतं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, नाव सांगितलं, गाव सांगितलं, छापखाना कुठे ते सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साखर हवीय का?"

मी हो म्हणालो आणि वाटी आणायला खोलीत गेलो.