शेवटची टिकली

बागेतच सतरंज्या टाकून बैठक भरली होती. नव्या आराखड्यावर चिकटवून मत द्यायला पालिकेच्या इंजिनिअरबाईंनी घराघराला एकेक टिकली दिली होती. झोपाळे ठेवायचे की काढून तिथून चालायचा ट्रॅक न्यायचा, एवढाच प्रश्न होता. दोन्हीकडे टिकल्या सारख्याच झाल्या आणि माझी तेवढी उरली.

"लावा की," रोज सकाळी माझ्यासोबत फिरणारे सबनीस म्हणाले. "आपलं ठरलंय ना?"

ट्रॅकला मत द्यायचं ठरलं होतंच. माझे गुडघेही त्यांच्याच बाजूचे होते.

सगळे माझ्या बोटाकडे बघत होते. मी समोरच्या झोपाळ्याखाली बघत होतो. झोका थांबवताना पाय घासून घासून तिथे जमिनीत खोल खळगा पडलाय. किती पोरांच्या टाचा त्यात असतील! माझ्या मुलीच्याही आहेत. बैठकीला सगळी मोठीच माणसं होती. पोरांच्या वतीने फक्त हा खळगा आला होता.

मी टिकली आराखड्यातल्या झोपाळ्यावर चिकटवली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी तरातरा निघून गेलं. सबनीस खाली बघत चपला घालत होते.

"उद्या सहाला?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी मला असं पहिल्यांदाच सांगितलं.