डावा खांदा

हे सैन्यात इंजिनिअर होते, नद्यांवर पूल बांधायचे. पुढे दिल्लीत जनरल झाले. बढतीच्या दिवशी नवा बिल्ला एका खांद्यावर वरिष्ठ साहेब लावतात आणि दुसऱ्यावर बायको, अशी फौजेतली रीत. मी चौथी शिकलेली. इंग्रजी बोलणाऱ्या बायकांसमोर उभं राहायची मला धास्ती वाटली. डोकं दुखतंय, असं मी म्हणाले.

“अगं, बिल्ला लावायचाय, भाषण नाही करायचं!” हे हसले. तरी मी गेले नाही. डाव्या खांद्यावर साहेबांच्या बायकोने बिल्ला लावला.

तो बिल्ला लावतानाचा फोटो आता नोएडाच्या घरात, बैठकीत लावलाय. नवे पाहुणे विचारतात, “या वहिनी का?”

“नाही, ती आत चहा करतेय.”

मी ऐकते आणि धुतलेले कप उगाच पुन्हा विसळते.