दोघींची सही

थोरल्या जावेने बँक निवडायला तीन आठवडे घेतले. नवरा निवडताना आपल्याला कुणी तीन मिनिटंही दिली नव्हती, असं ती स्वतःच सांगायची आणि वर खो खो हसायची. धाकटीला त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. धाकटीचा नवरा ऐन तिशीत गेला, आणि त्यानंतर ती त्या घरात टिकली ती केवळ थोरलीच्या जिवावर.

दोघी बारा वर्षं एकाच कारखान्यात मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवत होत्या. थोरली रेक्झिन कापायची, धाकटी शिवायची. रेक्झिन म्हणजे साधं कापड नव्हे. सुई एकदा चुकली की भोक कायमचं, उसवून पुन्हा शिवायची सोय नाही. मालकाने कारखाना दुसरीकडे हलवला आणि जुन्या मशीन विकायला काढल्या, तेव्हा थोरलीने त्यातल्या दोन घेऊन टाकल्या. गॅरेजमागची पत्र्याची खोली भाड्याने मिळाली. एका शोरूमवाल्याने ऑर्डर कबूल केली, पण पैसे चेकनेच देणार म्हणाला. म्हणजे खातं हवं. शिवाय दोघींनी किडूकमिडूक विकून जमवलेली पुंजीही कुठेतरी ठेवायला हवीच होती.

आणि ती ठेवायची कुणापासून लपवून? तर थोरलीच्या नवऱ्यापासून. दोघी त्याला दादा म्हणत, थोरलीसुद्धा, सगळं घर म्हणायचं म्हणून. दादा मारझोड करणारा नव्हता हो. दारू नाही, शिवीगाळ नाही. फक्त पत्ते. गोड बोलायचा, डोळ्यांत पाणी आणायचा आणि पैसे घेऊन जायचा. पोरकटपणा म्हणा, रोग म्हणा, नाव काहीही द्या, घर धुऊन निघायचं ते निघायचंच.

पहिली बँक काचेची. गार हवा, मऊ खुर्च्या, नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र. तिथली मुलगी इतकं गोड बोलली की थोरली उठूनच आली. "एक गोड बोलणारा घरात आहे, तेवढा बास झाला," म्हणाली.

दुसरी घराजवळची, ओळखीची. तिथे थोरलीचं आधीपासून खातं होतं, आणि तिथेच तिचा घात झाला होता. सासूबाईंचं ऑपरेशन आहे, बायको बाहेर रिक्षात बसलीय, असं सांगून दादाने तिची सही स्वतः केली आणि कारकुनाने "तुमचंच घर आहे" म्हणत पैसे हातावर ठेवले. सासूबाई तेव्हा ठणठणीत, दारात बसून शेजारणीशी भांडत होत्या. ओळख ही अशी नडते.

तिसऱ्या बँकेत भेटला तो खडूस. त्याला दुसरं नावच शोभलं नसतं. सहीचं शेपूट चौकटीबाहेर गेलं म्हणून त्याने फॉर्म परत केला. मग फोटोत कान दिसत नाही म्हणून. मग पत्त्यात खोली नंबर नाही म्हणून. धाकटी रडकुंडीला आली. आणि थोरली? तिची कळी खुललेली!

"अगं, हाच," ती धाकटीच्या कानात म्हणाली. "माझा मेलेला बाप उठून आला ना, तरी हा त्याला दमडी द्यायचा नाही."

पैसे काढायला कुणाची सही, असं खडूसने विचारलं. कुणाही एकीची चालते, म्हणाला, किंवा मग दोघींची.

"दोघींची," थोरली म्हणाली. "एकीला कुणी गुंडाळलं तर दुसरी आहे." धाकटीने मान डोलावली. तिलाही ते पटलंच होतं, तेव्हा नुसती थोरलीच्या माथी ही गोष्ट मारू नका.

धंदा पाच महिने चालला. बरा चालला. सहाव्या महिन्यात एका शनिवारी सकाळी थोरलीच्या हातातली कात्री पडली. ती उचलायला वाकली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साचलंय, ऑपरेशन लागेल, मोठ्या दवाखान्यात हलवा, आजच्या आज. तिथे आधी पैसे भरा, मग पेशंट आणा, असा खाक्या.

धाकटी धावत बँकेत गेली. खडूसने सगळं ऐकून घेतलं. हे मात्र सांगायला हवं: तो निर्दय नव्हता. बँक अर्ध्या दिवसाची असूनही शाईची डबी आणि कागद घेऊन तो तिच्याबरोबर रिक्षात बसला. पेशंट शुद्धीवर असेल, तिची इच्छा असेल, तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल, असं त्याने वाटेत दोनदा सांगितलं.

थोरली शुद्धीवर होती. खडूसला तिने ओळखलं, डोळे हलले. उशाशी दादा उभा होता. पेशंट हलवायचा तर कागदावर नवऱ्याची सही हवी, म्हणून त्याला बोलावलेलं. खडूस वाकून म्हणाला, "बाई, खात्यातले पैसे काढायचेत. तुमची इच्छा आहे का?"

"तुझ्या ऑपरेशनसाठी गं," दादा रडत म्हणाला. "तुझ्याच ऑपरेशनसाठी!"

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताची मूठ घट्ट आवळली आणि मान हलवली. नाही. खडूसने पुन्हा विचारलं. नाही.

धाकटीने दादाला ढकलतच बाहेर काढलं. "ताई, खरंच तुमच्यासाठी, माझी शपथ," ती गयावया करू लागली. पण खडूसने डबी बंद केली होती.

"दोनदा नाही म्हणाल्या. आता ठसा घेतला तर तो जबरदस्तीचा होईल," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी पहिला इथे येतो."

धाकटीने दारोदार हात पसरले. शोरूमवाला गावाला गेलेला, जुना मालक फोन उचलेना. थोरली रविवारी दुपारी गेली.

चौथ्या दिवशी दादा पत्र्याच्या खोलीत आला. कापायच्या टेबलाशी बराच वेळ उभा राहिला. रेक्झिनवर थोरलीने खडूने आखलेल्या रेघा तशाच होत्या, आणि धाकटीला त्या कापायचा धीर होत नव्हता.

"तिनं नकार का दिला गं?" त्याने विचारलं.

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्या अंगात तेवढं त्राणच उरलं नव्हतं.

"तुम्ही समोर होतात म्हणून."

तो स्टुलावर बसला. "या खेपेला मी खरं बोलत होतो," म्हणाला.

"मला माहीत आहे, दादा," धाकटी म्हणाली. "त्यांना कसं कळणार होतं?"